मोटार पुढून थरथरते

हॅलो?… हॅलो, चांदा?… शेठची लाकडाची टाल का जी?… भैयाजी डायवरले बोलवा. मी सोमाजी, त्याच्या बहिणीचा नवरा. गडचिरोलीच्या पोस्टातून बोलतो… हो, थांबतो. पण लवकर जी, ट्रंक कॉल आहे…

हॅलो? कोण, भैयाजी?… मी, मी. सोमाजी… नाई, नाई, घाबरू नको. रंभा बरी आहे. बाहेर मोटारीतच बसली आहे, लिंबाच्या सावलीत… हो, नववा लागला. नर्सबाई म्हणते, लेकरू आडवं आहे, कळा सुरू व्हायची वाट पाहू नका, आधीच चांद्याले मोठ्या दवाखान्याजवळ नेऊन ठेवा… म्हणून तर तुह्याकडं आणून राह्यलो. माय नाई, तर पोरगी मामा-मामीच्या घरीच येईल ना गा, आणखी कुठी जाईल?… इंदुताईले सांग, खाट तयार ठेव म्हणा… ठेवली? बरं झालं.

पण ते नंतर. अगा, ऐक ना. मोटारीचं काय करू ते सांग… तीच, तीच. तू दिलेली… पुढून थरथरते. अशी की स्टेअरिंग हातात राहत नाई. धानोऱ्याहून इथवर येता येता माहे दोन्ही खांदे उतरले…

नाई, हळू चालवली तर नाई थरथरत. बैलगाडीच्या चालीनं शहाण्यासारखी चालते. जरा जोर दिला अन् चाक दगडावरून गेलं, की सुरू. मग थांबतच नाई. पार उभी करा लागते, तेव्हा निमूट होते… रंभा? रंभा रस्ताभर पोटाले दोन्ही हात लावून बसली होती. मुकाट. म्हणून तर फोन केला, नाई तर मी कशाले इथी पोस्टमास्तरासमोर गळा काढतो?

हवा?… हवा पाह्यली. दोन्ही चाकांत सारखी… चाकं बदलली ना! तूच सांगितलं होतं मागं, आधी फुकटचे उपाय करा, मग पैशाचे. पुढची मागं लावली, मागची पुढं. तरी थरथर आपली पुढंच… नट कसले बापा, कसून कसून हाताले फोड आले…

हो, ते पण केलं. पुढचं अंग ओंडक्यावर चढवलं अन् चाक हातानं हलवून पाह्यलं. डाव्या-उजव्या बाजूनं धरलं तर नाई हलत. वरून-खालून धरून हलवलं की खट् वाजते… खट् म्हणजे खट् गा! आतून. दार आपटते तसं… दोन्ही चाकांत. डाव्यात जास्त.

हॅलो? आहे का?… डाव्यात, डाव्यात.

केव्हापासून? अगा, तुही बहीण गेली तेव्हापासून… खरं सांगतो. ती होती तोवर या मोटारीनं कधी अंग हलवलं नाई. पुसाच्या महिन्यात ती गेली. तेरवी झाल्यावर मी मोटार बाहेर काढली, तेव्हा पह्यल्यांदा थरथरली. मग वाढतच गेलं. गावातले म्हणतात, सोमाजी, मुक्या जिनसेलेही मालकिणीचा लळा लागतो… मलेही तसंच वाटलं. हसू नको… घरात कोणी नाई, रंभा सासरी. मी संध्याकाळी उगाच जाऊन बसायचो त्या मोटारीत. म्हणायचो, बरं आहे बाई, आपण दोघंही थरथरतो.

पण आता तिच्यात पोरगी बसली आहे. आता लळा-बिळा नाई चालत. काय बिघडलं ते सांग. अन् स्वस्तातलं सांग. औंदा मोहफुलंही नीट गळली नाईत…

वहाब मिस्त्रीचं दुकान समोरच दिसते मले. त्याले म्हणतो, खोलून पाह्य… नको? नको काऊन?… अगा, तो काय लुटते? माह्या बापाच्या वेळचा माणूस आहे… बरं, बरं, नाई खोलत. ओरडू नको. मग काय करू?

काय?… पुन्हा सांग, खरखर आली.

पाणी?

… हो साहेब, मिनिटं वाढवा, वाढवा, पैसे देतो… हॅलो, भैयाजी, कशावर पाणी?… चाकाच्या मागं तो उभा खिळा आहे, ज्याच्यावर चाक वळते, त्याच्यावर?… ओलं पोतं गुंडाळू. वरून दोन बादल्या पाणी टाकू. घटकाभर तशीच उभी ठेवू… अन् मग थरथर थांबेल?… चांद्यापर्यंत तरी थांबेल. असं.

लोखंडाले पाणी, भैयाजी?

नाई, तापलं म्हणून नाई. तापलं असतं तर सकाळी निघताना थंड मोटार काऊन थरथरली?… सकाळपासूनच तर थरथरते, तेच तर सांगून राह्यलो.

थांब. थांब जरा… मी मिस्त्री नाई. पण शेतकरी आहे. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक खिळखिळं झालं की आम्ही ते नाल्याच्या डोहात टाकून ठेवतो. लाकूड फुगते, अन् चाक घट्ट होते. पाण्यानं लोखंड फुगत नाई, भैयाजी. लाकूड फुगते.

तिथी आत लाकूड आहे का?

…

अगा, बोल. मिनिटं चालून राह्यली.

…

कशाचं?… धावड्याचं. दोन्ही बाजूले… त्या खिळ्याभोवतीचं पितळेचं कडं, ती बुश झिजली होती, म्हणून तिच्या जागी तू धावडा कोरून बसवला. सुतार बैलगाडीले बसवते तसा. अन् मग पाणी टाकून टाकून, धुऊन-पुसून, झेंडूचा हार घालून माह्या दारात आणून उभी केली… मी शेजाऱ्याले म्हटलं, पाहा, माहा साळा किती हौशी आहे, बहिणीसाठी मोटार धुऊन आणली!

काय?… शेठनं तुले पगाराच्या बदल्यात गळ्यात मारली होती? मग? त्यानं तुले फसवलं म्हणून तू मले फसवलं?… मी कोण होतो गा? बाजारातलं गिऱ्हाईक? बायकोले दवाखान्यात न्याले गाडी पाह्यजे म्हणून मी दुसऱ्या कोणाकडं गेलो नाई, तुह्याच दारी आलो. तू म्हणाला, भाऊजी, डोळे झाकून घ्या. मी खरंच झाकले!

नाई, नाई, आता तू ऐक! लाकडावर नेलं मी तिले. दर पंधरवड्याले नेलं. एवढं जंगल, एवढे घाट, नदीची ती उतरण… चाक तुटून नाई मेली, ते मलेही माहीत आहे. पोटातल्या गाठीनं मेली. पण तुटलं असतं तर?… बदलणार होता. केव्हा बदलणार होता? ती गेल्यावर?

काय म्हणाला?

…

कोणाले माहीत होतं?

…

बाईले? कोण बाई?… तुही बहीण? माही गुणाबाई?

खोटं बोलून राह्यला तू. मेलेल्या माणसावर टाकून राह्यला. लाज धर भैयाजी, तिचं अजून वर्षश्राद्ध नाई झालं…

शपथ नको घेऊ. रंभाची तर नकोच नको.

…

हो… टाकायची पाणी. पण तुले कसं माहीत? तू तर कधी सकाळचा आमच्या घरी…

हो. रोज. उठली की पह्यले बादली घेऊन मोटारीजवळ. पुढच्या दोन चाकांच्या मागं हात घालून, आतल्या अंगानं. ताप असला तरी. मी म्हणायचो, अवं, मागच्या चाकांनी काय पाप केलं? तर म्हणे, पुढचे ते पाय, लक्ष्मीचे पायच धुतात… मी गावभर सांगत फिरलो गा. माही बायको मोटारीचे पाय धुते म्हणून.

तिले तू सांगितलं. केव्हा?… गाडी दिल्यावर. नागपंचमीले आली होती तेव्हा. तिच्या पायावर डोकं ठेवून रडला… अन् ती काय म्हणाली?… नीट सांग. तिचेच शब्द सांग.

…

“त्याहिले सांगू नको. ते तुह्या घरचं पाणी पिणार नाईत. माहं माहेर तुटेल. मी सांभाळते.”

असं म्हणाली.

…

हो साहेब, आणखी वाढवा.

भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगायची ती. कोंबडीनं अंडं दिलं तरी वावरात येऊन सांगायची. एवढं मात्र नाई सांगितलं. तुह्यासाठी नाई सांगितलं… शेजारी बसून यायची ना गा! माह्या बाजूले बसून यायची, हात समोरच्या दांडीवर ठेवून, अन् म्हणायची, हळू चला, मले झाडं पाहू द्या. मी म्हणायचो, हिले जंगल आवडते. म्हणून हळू चालवायचो. झाडं पाहत नव्हती ती. चाक ऐकत होती.

अन् मी इतके महिने काय समजत होतो? ती गेली म्हणून मोटार रडते. पाणी टाकणारं गेलं होतं फक्त. एवढंच होतं?… तेवढं तरी माह्यापाशी राहू द्याचं होतं भैयाजी.

रडू नको. टालीवरचे लोक पाहत असतील… रडाचं तर मी.

आता ऐक… नाई, तू येऊ नको. शेठची गाडी घेऊन तर येऊच नको. मी वहाबकडं नेतो. पितळेची बुश बसवून घेतो, आज नाई झाली तर उद्या. घरी त्याची बायको रशिदा आहे, पोरीले रात्री नीट ठेवतील… पैशाचं मी पाहीन. तुहा एक आणा नको मले.

हो, येईल. रंभा तुह्याच घरी येईल… मग कुठी नेऊ? सांग ना, कुठी नेऊ? माय आहे का तिले? बाईमाणूस म्हणून एक इंदुताईच उरली… मी? मी दारात उतरवीन अन् जाईन. दवाखान्याच्या पडवीत राहीन… इंदुताईनं विचारलं तर सांग काही तरी. तुले सांगता येते.

… झालंच साहेब, झालंच, एक मिनिट…

काय?… रंभाले नको सांगू म्हणते? तू आता मलेच हे मागून राह्यला? तुही बहीण मले फसवून गेली, अन् आता मी माह्या पोरीले…

थांब. ती उतरून इकडंच येऊन राह्यली.

काय वो रंभा? उन्हात काऊन उतरली?… हो, मामाच आहे फोनवर… काही नाई, मोटारीचंच बोलून राह्यलो. मामा म्हणते, बुश झिजल्या… जुनी गाडी आहे बाई, झिजतातच. कोणाचा दोष नाई. वहाब मिस्त्री बदलून देईल… हो, हो, मामीनं खाट तयार ठेवली. वाट पाहून राह्यले सारे…

मामाशी बोलाचं आहे?

… नाई वो. लाइन तुटली. आत्ताच तुटली.

आवाज? आवाज कुठी?… ती खरखर. लाइन तुटली की तशीच खरखर येते त्यातून. ठेवतो मी हे. चल, हात दे. पायरी पाह्य.