श्रीकृष्णजींचा लसूण

इंदूरला तुकोगंजच्या दवाखान्यात अनुश्री आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारी बसलेला रत्नपाल आपल्या ताईला उत्साहानं सांगत होता.

“ताई, माशांच्या तळ्यातलं घाण पाणी आता नाल्यात सोडत नाही मी.”

“मग जातं कुठं?”

“शेजारच्या शेतात, श्रीकृष्णजींच्या लसणाला.”

“त्या नाल्यामुळे विहिरीला वास मारतो म्हणून भांडायला आले होते, तेच ना?”

“तेच. मी म्हटलं, भिया, एक बार वाफ्यात सोडून तो देखो, माशांची घाण म्हणजे खादच आहे, फुकटचं खत. लसूण काय पोसलाय, ताई! विहिरीचा वासही गेला.”

अनुश्रीचं नाव पुकारलं, तरी ती उठली नाही.

“पण त्यांच्या भांडणापायी तू तर तळं बुजवणार होतास?” ताईनं विचारलं.

“आता तेच बुजवू देत नाहीत.”