ओटीवरचा डबा

परवाची गंमत सांगते. माझी मीनल डहाणूच्या घरातूनच कंपनीचं काम करते. तिचे दोन प्रोग्राम 'जावा' नावाच्या एकाच यंत्रणेवर चालतात, पण एकाचा निरोप दुसऱ्याला पोचेना. संध्याकाळी साहेबांना दाखवायचं होतं, पोरगी रडकुंडीला आली.

"निरोप ठेवतेस कुठे?" मी विचारलं.

"दोघांच्या आत एकेक पेटी केलीय. नावसुद्धा एकच दिलंय."

"अगं, दोन खोल्यांत दोन डबे ठेवून कसं चालेल? दोघांत मिळून एकच ठेव, बाहेर ओटीवर."

तिने दोन्ही प्रोग्रामांच्या बाहेर, दोघांना सापडेल अशी एकच पेटी ठेवली आणि निरोप पोचला.

युक्ती माझी हे मीनलकडून कळल्यावर साहेबांनी फोनवर विचारलं, "काकू, हे कुठे शिकलात?"

म्हटलं, "घरीच. मीनलचे बाबा आणि काका चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. पण दोघांच्या चिकूच्या वाडीची किल्ली ओटीवरच्या डब्यात रोज वेळेवर सापडते."