वळणाची पट्टी

—नाही, ओट नको सुचवूस, चैत्राली. ओट पहिल्या कडक थंडीत आडवा होतो. हे बघ, हा माणूस मिशिगनचा, तिकडे ऑक्टोबरातच दव गोठतं, आणि याला हरणं डिसेंबरपर्यंत शेतात यायला हवीत — मग काय द्यायचं? सलगम आणि राय. सलगमाच्या पाल्याला हरीण आधी तोंड लावत नाही, पण दोन-तीन दिवस चांगला गारठा पडला की त्याच्यात साखर उतरते आणि मग बर्फ उकरून खातात, मुळांसकट. आणि राय म्हणजे धान्याची राय, रायग्रास नव्हे — तो घोळ मी पहिल्याच आठवड्यात घातला होता, तू घालू नकोस. क्लोव्हर पुढच्या वसंतासाठी. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमची बहीणच, तू राहुरीला शेतकी शिकलेली, तुला काय सांगायचं. बर्फ? नाही बाई, मी अजून बघितलेला नाही. पाच वर्षं या खुर्चीत बसून लोकांना हिवाळ्यात काय पेरायचं ते सांगते आणि खाली उतरले की इथे विषुववृत्तावर बारा महिने तोच घाम.

तो नकाशा? तो सगळ्यांना जातो. वळणाची पट्टी. बियाण्याबरोबर जोडायचाच, त्याच्यामुळेच तर गिऱ्हाईक परत येतं. छान आहे ना — सगळे म्हणतात छान आहे. कोणी काढला म्हणजे — आधी चुना किती टाकायचा ते बघून घे, मातीचा रिपोर्ट उघड — जाऊ दे. सोमवारपासून ही खुर्ची तुझी, मी वरच्या मजल्यावर. विचारलंसच तर सांगते. माझ्या बाबांनी काढला.

बाबूराव रामटेके. वनरक्षक होते, नवेगावच्या जंगलात, तेहतीस वर्षं. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं, चौदा साली, जुलैत. जानेवारीपर्यंत राहणार होते. टॅम्पिनीसला माझ्या घरी, आमच्या ब्लॉकखाली सकाळी म्हातारे बसतात ना, चिनी आजोबा, एक तमिळ अंकल — त्यांच्यात जाऊन बसायचे. भाषा नाही, काही नाही. तरी सगळ्यांना कळलं होतं. "माय डॉटर. डियर. फूड. आइस." असं हातानं दाखवायचे. बर्फात हरणांना खायला मिळत नाही आणि आमची सरिता इथून त्यांच्या जेवणाची सोय करते. लिफ्टमध्ये ते तमिळ अंकल मला म्हणाले, व्हेरी गुड वर्क, व्हेरी गुड. मी थँक यू म्हणाले. आता लिफ्टमध्ये काय समजावत बसणार?

खोटं मी बोलले नाही हं. त्यांना वाटलं, मी वाटू दिलं. मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं की —

असं बघू नकोस. तुला इंटरव्ह्यूला सांगितलं ना, गिऱ्हाईक कोण ते? मलाही सांगितलं होतं. पहिल्या दिवशी. माहीत होतं.

तर त्या जुलैत डेल नावाच्या एका माणसाची मेल आली. विस्कॉन्सिनचा, एकटा, साठीचा. त्यानं गेल्या हिवाळ्यातला एक फोटो पाठवलेला — बर्फात उभी एक मादी, एक कान फाटलेला, दोन पिल्लं. म्हणाला, तीन वर्षं पेरतोय, हरणं झाडीच्या काठाशी येतात आणि तिथूनच परत जातात, आत येत नाहीत. काय पेरू? मी घरी लॅपटॉपवर बसले होते, बाबा मागून बघत होते. म्हणाले, "हिच्या फासळ्या मोजून घे बेटा. ही असा अजून एक हिवाळा नाही काढत." आणि मग म्हणाले, "पिकाचा दोष नाही. त्याचं शेत चुकलं." शेत कसं चुकतं म्हटलं, तर दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि काढायला लागले. हरीण उघड्यावर येत नाही. ते काठावर थांबते, मान वर करते. म्हणून पट्टी अरुंद ठेवायची, झाडीला चिकटून, बाजूनं उंच पीक लावायचं म्हणजे त्याला लपल्यासारखं वाटते. आणि मधे एक वळण द्यायचं. हे टोक त्या टोकाला दिसायला नको. "वळणापलीकडं काय हाये ते पाह्यला ते दोन पावलं टाकते, मग अजून दोन. वळणावर येऊन उभं राहते. भेव नाही वाटत मग." तेहतीस वर्षं चितळांच्या मागे फिरून शिकलेला माणूस, त्यांना त्या फाटक्या कानवालीचं पोट भरायचं होतं.

मी तो पुठ्ठा स्कॅन करून डेलला पाठवला. सोबत सलगम, बाजूला राय. बाबा रोज विचारायचे — आली का गं ती? मी म्हणायची, पाला वर आलाय बाबा. थंडी पडू दे.

त्याच्या पहिल्या मेलमध्ये होतं गं, बावीस नोव्हेंबरपासून बंदुकीचा मोसम सुरू म्हणून. मी वाचलं होतं. बाबांना वाचून दाखवताना ती ओळ गाळली.

नोव्हेंबरात रविवारी दुपारी मेल आली. विषय काय, तर 'जमलं!' आम्ही वरणभात खात होतो. बाबा म्हणाले उघड, उघड, आणि मी त्यांच्यासमोर उघडली — का उघडली? मला वाटलं — नाही, मला काय वाटलं होतं ते मला आजही सांगता येत नाही. फोटोत ती वळणावर आडवी पडलेली. तोंडात सलगमाचं पान. फाटका कान वर. डेल शेजारी गुडघ्यावर, हसतोय. चांगला माणूस दिसतो, खरंच. लिहिलं होतं, तुम्ही म्हणालात तश्शी येऊन उभी राहिली, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

सांगितला नाही. बाबांनी पडद्यावर तिच्या कानाला बोट लावलं. मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं ना तिला, इथं उभी राह्य म्हणून?" तिला म्हणाले. डेलला नाही, तिला. मी बोलायला लागले — तिकडे कायदा आहे बाबा, हरणं फार झालीत, लोक खातात ते, वाया नाही घालवत — सगळं खरंच आहे ते, मी तुलाही तेच शिकवणार आहे, कोणी विचारलं तर तेच सांगायचं. त्यांनी ऐकून घेतलं. ताट उचलून ठेवलं. म्हणाले, "ते चित्र आता कोणाले देऊ नको." मी म्हणाले नाही देणार. त्यांच्यादेखत पुठ्ठा फाडला. पुढच्या आठवड्यात ते गावी परत गेले, जानेवारीपर्यंत थांबलेच नाहीत. सकाळी खाली बसायला गेलेच नाहीत ते, इथले शेवटचे आठ दिवस.

स्कॅन होताच ना. लॅपटॉपमध्ये.

मॅनेजरनं मागितला असता तर गोष्ट वेगळी. कोणीही मागितला नव्हता. तो महिना असा होता की टीममध्ये मला कोणी काही विचारत नव्हतं, दोघांना काढलं होतं, माझा इथला नोकरीचा पास फेब्रुवारीत संपत होता — पण ही कारणं मी नंतर जमवली. खरं सांगायचं तर मला तो नकाशा आवडला होता. मीटिंगमध्ये मी तो पडद्यावर टाकला. मग कोणीतरी म्हणालं, ब्रिलियंट. हूज आयडिया? आणि मी — माझी, म्हणाले. एवढ्या सहज म्हणाले.

हसू नकोस. हसत नाहीयेस, माहीत आहे.

तेव्हापासून कितीजणांना गेला ते मोजत नाही मी. वरचा मजला मिळाला तो त्याच्यामुळेच. आणि बाबांना — हं, तेच सांगते. बाबांना सांगितलं की कंपनीनं तो नकाशा बंद केला. एकदाच सांगितलं, फोनवर, ते गप्प गप्प होते म्हणून. तर त्यांचा आवाजच बदलला. आता गावी विहारात सगळ्यांना सांगतात, माझ्या पोरीनं बापाचं ऐकलं, एवढ्या मोठ्या कंपनीला थांबवलं. बुद्ध पौर्णिमेला कोणीतरी उभं राहून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावलं म्हणे. काकूनं मला व्हिडिओ पाठवला. बाबा हात जोडून उभे. तो मी पूर्ण बघितला नाही. दोन वर्षं गावी गेलेली नाही मी — सुट्टी मिळत नाही म्हणते.

सांगून टाकू? तुला सोपं वाटतंय. काय सांगू — की तुमच्या त्या वळणावर अजून — त्यांना शहात्तर पूर्ण झाली, चैत्राली. आणि सांगितलं तर काय, मी हे सोडणार आहे का? वरच्या टेबलावर माझ्या नावाची पाटी लागलीय कालच.

बरं, साडेपाच झाले. मशीन लॉक कर. मिशिगनवाल्याचं मी बघते. सोमवारी नऊला ये. आणि नाही आलीस तर का म्हणून फोन करणार नाही मी. जा. — जा म्हटलं ना.