भरलेली शिशी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचा जुना आधार असलेले आदरणीय दौलतरावजी बोडखे, व्यासपीठावरचे मुख्याध्यापक विनोद काळबांडे सर, ज्यांना आज जड मनाने निरोप द्यायचा आहे ते आपले चित्रकला शिक्षक रविकांत अवचार सर, रिठदहून आणि आसपासच्या गावांतून आलेली वडीलधारी मंडळी, माझे सहकारी, आणि मांडवाच्या कडेला उन्हात उभ्या असलेल्या माझ्या मुलामुलींनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. मराठी शिकवणाऱ्या बाईला हे मुद्दाम बजावावं लागतं, यातच सगळं आलं.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांच्या रांगोळ्या आठवल्या, स्नेहसंमेलनाचे पडदे आठवले, फळ्यावरचं त्यांचं सुरेख अक्षर आठवलं. सगळं खरं आहे. पण सरांच्या हाडांबद्दल कोणीच बोललं नाही. पोरं त्यांना पाठीमागे ‘हाडकं सर’ म्हणतात, हे काय सरांना माहीत नाही? माहीत आहे. त्यांना ते नाव आवडतं, असा माझा संशय आहे.

या हाडांचं मूळ फार दूर आहे. बेल्जियम नावाच्या देशात समुद्रकाठी ऑस्टेंड नावाचं गाव आहे. तिथे जेम्स एन्सोर नावाचा चित्रकार होऊन गेला. सरांनी वर्गात त्याच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, की सातवीतल्या गोलूने पेपरात ‘एन्सोर हे अवचार सरांचे मामा होते’ असं लिहिलं होतं. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले.

या मामांच्या आईच्या घरचं दुकान होतं. त्यात शिंपले, खेळणी आणि त्यांच्या उत्सवात लागणारे मुखवटे विकायला असत. वरच्या माळ्यावर मुलगा चित्रं काढत बसायचा. वडील शिकलेले, पण दारूत बुडालेले, आणि गाव त्यांना हसायचं. हसणाऱ्यांचे चेहरे पोरानं जवळून पाहिले असतील. पुढे त्याच्या चित्रांत माणसांच्या तोंडाच्या जागी मुखवटे आले, मग सांगाडे आले. शेगडीभोवती गोळा झालेले थंडीनं कुडकुडणारे सांगाडे. एका खारवलेल्या मासोळीसाठी भांडणारे सांगाडे. तांब्याच्या पत्र्यावर ओरखडून, पत्रा तेजाबात, म्हणजे ॲसिडात बुडवून तो छापे काढायचा. ऐन अठ्ठाविशीत त्यानं स्वतःचं चित्र काढलं, आपण १९६० साली कसे दिसू याचं. त्यात नुसती हाडं पडलेली आहेत. सोबतच्या चित्रकारांनीसुद्धा त्याची चित्रं नाकारली. नंतर राजानं मोठी पदवी दिली, पण तेव्हा तो म्हातारा झाला होता.

आता शाळेत तेजाब कसं चालणार? म्हणून सरांनी लाकूड धरलं. मोडक्या बाकांच्या फळ्या कोरायच्या, शाई लावायची, वर कागद ठेवून स्टीलच्या वाटीच्या बुडानं घासायचा. आपल्या स्टाफरूमचा छापा तुम्ही पाहिला असेल. सगळे सांगाडे चहा घेऊन राह्यले, असं आमचा शिपाई म्हणाला होता. त्यातले काळबांडे सर मफलरवरून ओळखू येतात. त्यांनी तो छापा घरी लावला. वहिनींनी काढला, हा भाग वेगळा.

पण सरांचं खरं काम गावोगावच्या घरांत आहे. कोणाच्या घरी माणूस गेलं, की लोक सरांकडे येतात. आधार कार्डावरचा फोटो आणतात आणि म्हणतात, सर, फोटो मोठा करून द्या, गाल भरा, डोये जरा उघडे करा. सर वर्षानुवर्षं ते करत आले. एकदा किन्हीराजा गावच्या ललिताबाई आपल्या आईचं चित्र न्यायला आल्या. चित्र सुंदर झालं होतं. पण त्या म्हणाल्या, “हे माही माय नाई सर. माही माय थकेल होती.” सर मला म्हणाले, त्या दिवसापासून माझा हात डोळे उघडायला धजत नाही.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं आहे. मी आवरतेच. पण जे बोलायला मी उभी राहिले, ते अजून बोललेच नाही.

माझ्या सासूबाई चंपाबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. पोटाचा आजार होता. त्यांचं खाणंपिणं, अंग पुसणं, औषध, सगळं माझ्याकडे होतं. त्याचं कौतुक मी सांगत नाही, सून आहे तर करणारच. त्या गेल्या त्या दिवशी माझे यजमान प्रसेनजित यांनी सरांना बोलावलं. सर आले, खाटेसमोर स्टुलावर बसले आणि चित्र काढू लागले. आम्हाला वाटलं, नेहमीसारखं होईल. निळं लुगडं, हसरा चेहरा, हार घालायला जागा.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सरांनी छापा आणला. त्यात अगदी पुढे औषधाच्या शिश्यांचं ताट होतं. मागे आई, डोळे मिटलेल्या, उशीत रुतलेल्या, लहानशा. एका नातेवाइकाने विचारलं, हे काय अभद्र? तेव्हा सरांनी सांगितलं, की एन्सोरची आई गेली तेव्हा त्यानंही असंच चित्र काढलं होतं, पुढे शिश्या आणि मागे आई. आणि मला तेवढ्यात हळूच म्हणाले, “मॅडम, गाल भरले असते तर तुम्ही इतके दिवस काय केलं, ते कुठं दिसलं असतं?”

मंडळी, मी त्या क्षणी रडले. माझं काम कोणाला तरी दिसलं होतं.

पण आता लाकडाचा एक स्वभाव सांगते. फळीवर जे कोरून काढाल, ते कागदावर पांढरं येतं. जे हात न लावता ठेवाल, ते काळं येतं. ताटातल्या बाकी सगळ्या शिश्या रिकाम्या होत्या, म्हणून सरांनी त्या कोरल्या आणि त्या पांढऱ्या आल्या. एक शिशी काळी आली. गळ्यापर्यंत काळी. ती भरलेली होती, सील न तोडलेली, आणि सरांनी जसं दिसलं तसं काढलं.

माझ्या नणंदबाई रूपाताई त्या चित्राजवळ गेल्या आणि त्यांनी विचारलं, “हे एक शिशी भरेलच काहून हाय?”

मी पाहुण्यांना चहा द्यायला वळले. तिथून तो प्रश्न घरोघर गेला. मग तो फक्त शिशीचा प्रश्न राहिला नाही. सुनेनं औषध दिलं नाही, एवढंच लोकांपुरतं उरलं. प्रसेनजित यांनी मला कधी विचारलं नाही. ते चित्राकडे पाहायचे, माझ्याकडे पाहायचे, आणि चहाचा कप उचलायचे. विचारलं असतं तर बरं झालं असतं. न विचारलेला प्रश्न घरात फार जागा घेतो.

हे सगळं सरांच्या कानावर गेलं. या आठवड्यात ते आमच्या घरी आले. सोबत ती फळी होती आणि त्यांची बारीक कोरणी. म्हणाले, “मॅडम, मी आता पोराकडे पुण्याला चाललो. ही एक शिशी पांढरी करायला दोन हात फिरवले की झालं. नवा छापा काढू, जुना फाडून टाकू. पण हात तुमचा पाहिजे. आणि एकदा कोरलं की लाकूड परत भरता येत नाही, हे ध्यानात ठेवा.” कोरणी माझ्या हातात देऊन ते गेले.

मी कोरणी त्या शिशीवर टेकवून पाहिली. खोटं कशाला बोलू? फार सोपं होतं ते.

आता जे सांगते, ते न सांगण्याचा शब्द मी दिला होता. आज तो मोडते आहे. रूपाताई इथे आहेत. प्रसेनजित तिकडे साऊंडवाल्याजवळ उभे आहेत. ती नवी शिशी डॉक्टरांनी लिहून दिली होती, थोडी ताकद येईल म्हणाले होते. मी सील तोडायला घेतलं तेव्हा आईंनी माझा हात धरला. त्या म्हणाल्या, “बस झालं बाई आता. मले तोंड कडू घेऊन नाई जायाचं. गुयाचा चा दे. अन पोराईले सांगू नको, त्याईच्या जिवाले लागन.”

मी शिशी ताटात परत ठेवली आणि गुळाचा चहा केला. त्यांनी तो बशीतून प्यायला, पूर्ण. त्यानंतर त्यांनी काही घेतलं नाही.

ती शिशी पाजली असती, तर आई आणखी काही दिवस राहिल्या असत्या का? मला माहीत नाही. कोणी ‘नाही’ म्हणून माझी समजूत काढली तरी मला ते पटणार नाही, आणि ‘हो’ म्हणालं तर सोसणार नाही. तेवढं माझ्याजवळ राहील. पण ती शिशी रिकामी दाखवली, तर आईंनी शेवटी जे मागितलं होतं तेच पुसून जाईल. एन्सोरनं मुखवटे काढले ते लोकांच्या तोंडावरचे. माझ्या सासूबाईंच्या तोंडावर मी मुखवटा कसा चढवू?

सर, शाल आणि श्रीफळ संस्था देणार आहे. मी ही तुमची कोरणी परत देते. फळीला मी हात लावलेला नाही. शिशी भरलेली राहू द्या.

अध्यक्ष महोदय, आपण मला मधेच थांबवलं नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. मांडववाले, साऊंडवाले, स्वयंपाकघरातल्या बाया आणि उन्हात तिष्ठणारी मुलं, सगळ्यांचे आभार. निरोपाच्या दिवशी मी घरातलं काढलं, वेळेचंही भान ठेवलं नाही, ते तुम्ही पोटात घालाल अशी विनंती करते. त्या गुळाच्या चहाची माफी मात्र मी कोणाजवळ मागणार नाही.

जय भीम.