शेवटच्या पदाची पट्टी

सात चाळीसला मध्यंतर झालं. तीस वर्षांनी पुन्हा रंगमंचावर आलेल्या संगीत नाटकाचा हा पहिलाच प्रयोग. नायिकेचा घसा बसला होता, म्हणून ऑर्गनवाल्यांनी ऐनवेळी तिची पदं खालच्या पट्टीत घेतली होती. हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. मध्यंतरात चहाच्या रांगेत ऑर्गनवाल्यांच्या पुढे एक मावशी आणि तिचा भाचा उभे होते.

“मावशी, रडलीस ना? खरं सांग.”

“रडतेय कसली! पट्टी उतरवलीय मेल्यांनी.”

“तुला काय कळतं गं त्यातलं?”

“याच नाटकात तीन वर्षं कोरसमध्ये उभी होते मी. काळी पाचचं पद काळी चारमध्ये गातेय ती.”

“पण गोड गातेय की!”

“गोडच आहे रे. पण शेवटचं पदही असंच उतरवून गायली, तर मी उठून जाणार.”

“आणि वर आवाज फाटला तर?”

“तर बसेन.”

ऑर्गनवाले चहा न घेताच आत गेले. नायिका विंगेत गरम पाण्याचे घोट घेत होती.

“शेवटचं पद मूळ पट्टीत घेऊ का, ताई?”

तिने पेला खाली ठेवला. तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला, तरी तिने होकार दिला नव्हता की नकार.