सासूबाईंचं विरजण

सोनईत डेअरीसमोर सकाळची रांग. माझ्यापुढे दोघी, हातात दुधाच्या किटल्या.

“साळूबाई, वाटीभर इरजन दे की. तुझं दही लई गोड लागतं.”

“माझं कुठलं, एस्तेर? सासूबाईंचं हाय. त्या बोटानंच ढवळायच्या.”

“त्यांना जाऊन तीन वर्सं झाली!”

“पोरगी शाळेत शिकून आली. म्हनती, आजीच्या बोटावरचे जंतू अजून त्यात वाढत्यात. थंडीत निजत्यात, कोमट दूध मिळालं की जागे हुत्यात. थंडीचं मी त्यांच्याच लुगड्यात गुंडाळते भांडं.”

“आगं बाई!”

“परवा ह्यांनी त्याच दह्याचा घास घेतला, अन् चुलीकडं बघून म्हनले, आई, मीठ दे.”

“उकळत्या दुधात टाक ते. मरून जाईल.”

“एकदा जाळलंय त्यांना. पुन्हा मला न्हाई जमायचं.”