पाण्यात दिलेला शब्द

निपाणी स्टँडवर मी काकतीवरून जाणाऱ्या बेळगावच्या गाडीची वाट बघत होते. माझ्या मागं एका आत्या-भाचीचं जुंपलं होतं.

"शलोमी, काल तुझा बाप्तिस्मा झाला. आज घरात त्याचं जेवण हाय, आणि तू काकतीला चाललीस?"

"तुझ्या सासूला आंघोळ घालायला, आत्या. पडून पडून पाठीला जखमा झाल्यात."

"नऊ वर्षं मी त्या म्हातारीचं तोंड बघितलं न्हाय. तू गेलीस की लोक मला नावं ठेवतील."

"मी तुझं नावच काढणार न्हाय."

"पाण्यात एक बुडी मारलीस आणि लगेच मोठी संत झालीस व्हय गं?"

"न्हाय. पाळकसाहेबांनी पाण्यात उभं करून इचारलं, सेवा करशील का? सगळ्या मंडळीसमोर मी व्हय म्हटलं."

"व्हय तर मीबी म्हटलंतं. वीस वर्षं झाली त्याला."

"मग?"

तेवढ्यात गाडी लागली. मी चढून खिडकीशी बसले. खालून आत्याचा आवाज आला.

"तिला कढत पाणी सोसत न्हाय. कोमट घे."

"तूच घालून दाव की."

आत्या पदर खोचून भाचीच्या आधी गाडीत आली. दोघींसाठी मी बाकावर सरकून जागा केली. सख्ख्या जावेसाठीसुद्धा मी कधी सरकले नव्हते.